एम्बेडेड सिस्टिम्स हाताने शिकायच्या असतील, तर छतावरच्या टाकीपासून सुरुवात करा

एम्बेडेड सिस्टिम म्हणजे एखाद्या उपकरणाच्या आतच बसून त्याचं काम चालवणारा छोटा संगणक. हा लेख डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसाठी आहे. सॉफ्टवेअरमध्ये काम करताना हार्डवेअरकडे वळावंसं वाटणाऱ्यांसाठीही आहे. आपल्याकडे बहुतेकांची या विषयाशी ओळख होते ती इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमुळे. सिम्युलेटरमध्ये एलईडी लागतो, तोंडी परीक्षेत पिन डायग्राम विचारतात. पुढे प्रोजेक्टची वेळ आली की तयार बोर्ड, इंटरनेटवरचा कोड आणि सादरीकरणाच्या दिवसापुरतं चालणारं यंत्र. मग मुलाखतीत प्रश्न येतो: हा रेझिस्टर ४.७ किलोओहमचाच का? वीज गेली आणि अर्ध्या सेकंदात परत आली तर तुमचं यंत्र काय करेल? इथे बहुतेक जण गप्प होतात.

म्हणून माझा आग्रह असा की एकच उपकरण निवडा, आणि ते टेबलावरून उचलून उन्हापावसात, लोडशेडिंगमध्ये आपलं आपण चालू लागेपर्यंत हातचं सोडू नका. या लेखात मी छतावरच्या टाकीतलं पाणी मोजून खाली घरात आकडा दाखवणारं यंत्र घेतलं आहे. साधं वाटतं, पण सेन्सर, वीजपुरवठा, लांब वायर, वेळेचं गणित, रिले आणि पावसाळा असे या कामातले जवळजवळ सगळे कठीण भाग त्यात येतात. शिवाय त्याची गरज खरी असते. आकडा चुकला की घरातलंच कुणीतरी तुम्हाला सांगायला येतं.

आधी हाताशी काय हवं

सामान:
- एसटीएम३२ न्यूक्लिओ, म्हणजे मायक्रोकंट्रोलर बसवलेला तयार बोर्ड, शक्यतो एफ१०३आरबी चिपचा
- डिजिटल मल्टीमीटर, कंटिन्युइटीला बीप देणारा
- तापमान कमीजास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स आणि बारीक सोल्डर
- ८ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा यूएसबी लॉजिक अॅनलायझर, म्हणजे पिना कधी उंच-खाली होतात ते पडद्यावर दाखवणारं साधन. तो पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो
- जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी
- तापमानाचा सेन्सर, डीएस१८बी२०
- आरएस-४८५ (लांब वायरवरून माहिती पाठवण्याची पद्धत) चे दोन ट्रान्सीव्हर, ३.३ व्होल्टवर चालणारे
- ब्रेडबोर्ड, जम्पर वायर, रेझिस्टरची पेटी आणि १०० नॅनोफॅरडचे मूठभर कपॅसिटर

कागद:
- चिपची डेटाशीट
- त्याच चिपचं रेफरन्स मॅन्युअल
- इराटा शीट, म्हणजे चिपमधल्या ज्ञात दोषांची कंपनीनेच दिलेली यादी
- न्यूक्लिओ बोर्डाचा सर्किट डायग्राम
- प्रत्येक सेन्सरची डेटाशीट

यांतलं एकही कागदपत्र विकत घ्यावं लागत नाही. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतं, आणि ऑनलाइनही. दुकानात गेलात तर सुटे भाग नावासकट लिहून न्या. ‘एक छोटा रिले द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला लागेल तो देतो.

ऑसिलोस्कोप यादीत मुद्दाम घातलेला नाही. कॉलेजच्या लॅबमधला अधूनमधून वापरायला मिळाला तरी पुरतं.

१. यंत्र काय करणार ते आकड्यांत लिहा

‘टाकीतलं पाणी मोजायचं’ यावरून काहीच बांधता येत नाही. वहीत असं लिहा: टाकी १००० लिटरची, पाण्याची खोली शून्य ते ११० सेंटिमीटर, अचूकता २ सेंटिमीटर, दर १० सेकंदांनी एक मोजणी, टाकीपासून घरापर्यंत २० मीटर वायर, छतावरच्या डब्यातलं तापमान १० ते ६० अंश. सेन्सरची वायर तुटली तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहू नये, ‘बिघाड’ असं दिसावं.

सगळ्यात महत्त्वाची ओळ ही शेवटचीच. नवशिका माणूस सगळं नीट असताना काय होईल तेवढंच लिहितो. तुम्ही प्रत्येक भागापुढे ‘हा बंद पडला तर?’ असा रकाना आखा. पुढे कोडमधला मोठा हिस्सा त्या रकान्यासाठीच लिहावा लागतो.

२. बोर्ड एकदा निवडा आणि बदलू नका

आर्डुइनो उनो वाईट नाही. १६ मेगाहर्ट्झचा एटीमेगा३२८पी, २ किलोबाइट रॅम, आणि दुपारपर्यंत काहीतरी हलताना दिसतं. ईएसपी३२ मध्ये वायफाय तयार मिळतं. पण शिकण्यासाठी मी न्यूक्लिओ सुचवेन, कारण त्यावर डिबगर बसवलेलाच असतो. प्रोग्रॅम मधेच थांबवणं, एकेक ओळ पुढे नेणं, रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपचे भाग ज्यांतून चालवले जातात त्या छोट्या कप्प्यांत, आत्ता काय आहे ते बघणं ही सवय पहिल्या आठवड्यापासून लागली पाहिजे. एफ१०३आरबी मध्ये ७२ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर, १२८ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम आहे. या कामाला ते भरपूर झालं.

सापळा: ‘ब्लू पिल’ नावाचा याच घराण्यातला स्वस्त निळा बोर्ड सगळीकडे मिळतो. त्यावर अनेकदा नकली किंवा दुसऱ्याच कंपनीची मिळतीजुळती चिप असते. अनुभवी माणूस त्यातून वाट काढतो, पण नवशिक्याला दोष आपल्या कोडचा की चिपचा हे कळायला मार्ग नसतो.

३. डेटाशीट वाचण्याची पद्धत

इथे घाई करू नका. एफ१०३ चं रेफरन्स मॅन्युअल अकराशे पानांच्या वर आहे. ते कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. दोन कागदांतला फरक आधी समजून घ्या. डेटाशीट सांगते की चिपला किती व्होल्ट द्यायचे, कुठली पिन कशासाठी, किती करंट सोसेल. रेफरन्स मॅन्युअल सांगतं की आतली रजिस्टरं कशी चालवायची.

डेटाशीट हाती आली की मी या क्रमाने जातो: पहिलं पान, मग पिनांचा तक्ता, मग ‘अॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज’, आणि मग ‘ऑपरेटिंग कंडिशन्स’. ‘अॅब्सोल्यूट मॅक्सिमम’च्या तक्त्यातले आकडे वापरायचे नसतात. त्यापलीकडे चिप मरू शकते, एवढंच तो तक्ता सांगतो. या चिपच्या एका पिनेसाठी तिथे २५ मिलिअँपिअर लिहिलं आहे. ते वाचून २४ मिलिअँपिअरचा भार टाकणं म्हणजे कड्याच्या टोकावर संसार थाटणं. ८ मिलिअँपिअरच्या आत राहा.

पिनांच्या तक्त्यात ‘एफटी’ अशी दोन अक्षरं काही पिनांसमोर दिसतील. अशा पिना ५ व्होल्टचा सिग्नल सहन करतात. पीए० ते पीए७ समोर ती अक्षरं नाहीत, पीबी६ समोर आहेत. आपला अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो, म्हणून तो कुठल्या पिनेला जोडायचा हे या तक्त्यावरून ठरतं. मी तरीही मध्ये १ आणि २ किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर घालतो. ५ चे ३.३ व्होल्ट होतात आणि पुढे कधी पिन बदलावी लागली तर चिंता राहत नाही.

आता पहिला अभ्यास. कुठलीही तयार लायब्ररी न वापरता बोर्डावरचा एलईडी लुकलुकवा. तो पीए५ वर आहे. तीनच गोष्टी करायच्या: पोर्ट ‘ए’ चं (पीए पिनांच्या गटाचं) क्लॉक, म्हणजे त्याला चालवणारे ठोके, चालू करणं, पिन आउटपुट म्हणून ठरवणं, आणि तिची पातळी बदलत राहणं. तिन्ही रजिस्टरांचे पत्ते मॅन्युअलमधून स्वतः शोधा. या चिपमध्ये प्रत्येक भागाचं क्लॉक सुरुवातीला बंद असतं. ते चालू केलं नाही तर त्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं नुसतं हरवतं, कुठेही चूक दिसत नाही. पुढे ‘सगळं बरोबर आहे तरी टायमर चालत नाही’ असं झालं की आधी तिथेच बघा.

दुसरा असाच अडसर वेगाचा. रीसेटनंतर चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालते. ती ७२ वर नेण्याआधी फ्लॅश मेमरीला २ वेट स्टेट, म्हणजे वाचताना थांबायचे दोन ठोके, द्यावे लागतात. नाही दिले तर प्रोग्रॅम कधी चालतो, कधी मधेच कोलमडतो.

हे एकदा हाताने झालं की मग खुशाल कंपनीची लायब्ररी वापरा. तिच्या आत काय चाललं आहे ते आता तुम्हाला दिसेल.

४. वीजपुरवठा आधी, कोड नंतर

यंत्र मधेच रीसेट होतं, सेन्सर कधीकधी वेडेवाकडे आकडे देतो, डिस्प्ले गोठतो. अशा तक्रारींचं मूळ फार वेळा कोडमध्ये नसतं. म्हणून कोडला हात लावण्याआधी मल्टीमीटर चिपच्या पुरवठ्याच्या पिनांवर लावा. अडॅप्टरच्या टोकाला नाही, चिपच्या पिनांवरच.

प्रत्येक पुरवठ्याच्या पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवा, आणि जवळ म्हणजे काही मिलिमीटरवर. चिपच्या आतले ट्रान्झिस्टर बदलतात तेव्हा काही नॅनोसेकंदांपुरता करंटचा झटका लागतो, आणि लांबच्या अडॅप्टरमधून तो तितक्या लवकर पोहोचत नाही.

१२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ७८०५ या रेग्युलेटरने ५ व्होल्ट करणार असाल तर उष्णतेचा हिशोब करा. उरलेले ७ व्होल्ट गुणिले ३०० मिलिअँपिअर म्हणजे २.१ वॅट. हीट सिंक नसेल तर ७८०५ ला बोट लावता येणार नाही. तिथे व्होल्टेज उतरवणारा स्विचिंगवाला बक मॉड्यूल घ्या, पण आधी तो एकटा चालवून मल्टीमीटरवर ५ व्होल्ट लावून घ्या आणि मगच बोर्डाला जोडा. नवीन मॉड्यूलचा स्क्रू कुठल्या जागी असेल याचा भरवसा नसतो.

आता लोडशेडिंग. वीज एका फटक्यात जात नाही. व्होल्टेज हळूहळू उतरतं, मधेच सावरतं, पुन्हा पडतं. ठरावीक पातळीखाली पुरवठा गेला की चिपला रीसेटमध्ये ठेवणारी व्यवस्था असते, तिची पातळी डेटाशीटमध्ये शोधा. आणि चाचणी करा: बेंच पॉवर सप्लाय मिळाला तर ५ व्होल्टवरून अगदी सावकाश खाली या आणि पुन्हा वर जा. यंत्र दरवेळी न अडता उठलं पाहिजे.

५. सी भाषेचा कुठला भाग लागतो

पाठ्यपुस्तकातली सगळी सी लागत नाही, पण जी लागते ती पक्की लागते. बिटवरच्या क्रिया, ठरावीक रुंदीचे पूर्णांक, साइन्ड-अनसाइन्डचा फरक, स्ट्रक्चर, पॉइंटर, स्टॅटिक आणि व्होलाटाइल. प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून घेणारं मॅलॉक सध्या विसरा. २० किलोबाइट रॅममध्ये मेमरीचे तुकडे पडू लागले की यंत्र आठवड्याने बंद पडतं आणि कारण सापडत नाही.

व्होलाटाइलबद्दल जरा थांबून. इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य काम मधेच थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमध्ये, एखादा फ्लॅग (खुणेचा व्हेरिएबल) बदलला आणि मुख्य लूप त्याची वाट पाहत बसलं, तर कंपायलरला वाटतं की या लूपमध्ये हा फ्लॅग कुणीच बदलत नाही, मग पुन्हा पुन्हा वाचायचा कशाला? ऑप्टिमायझेशन बंद असताना सगळं चालतं, चालू केलं की लूप कायमचं अडकतं. असा फ्लॅग व्होलाटाइल हवाच. मात्र एवढ्याने सगळं सुरक्षित होत नाही. इंटरप्टमध्ये भरलेली दोन-तीन मूल्यं एकत्र वाचायची असतील तर वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवावा लागतो, नाहीतर अर्धं जुनं आणि अर्धं नवं हाती येतं.

या चिपमध्ये दशांश अपूर्णांकांसाठी वेगळं हार्डवेअर नाही. म्हणून अंतर सेंटिमीटरमध्ये दशांशासह ठेवण्यापेक्षा पूर्ण मिलिमीटरमध्ये ठेवा.

६. सेन्सर: आकडा आला म्हणजे मोजणी झाली असं नाही

अल्ट्रासॉनिक सेन्सरला छोटा पल्स दिला की तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत एक पिन उंच ठेवतो. ती किती वेळ उंच होती त्यावरून अंतर. पिन लूपमध्ये तपासत बसू नका, पिन बदलल्याचा क्षण हार्डवेअरनेच टिपणाऱ्या, टायमरच्या इनपुट कॅप्चरने वेळ मोजा. पीबी६ वर टायमर ४ चा पहिला चॅनेल आहे, म्हणजे मघाशी निवडलेली पिन इथेही उपयोगी पडते.

सगळीकडे ‘मायक्रोसेकंदांना ५८ ने भागा, सेंटिमीटर मिळतील’ असा नियम दिलेला असतो. तो २० अंशांजवळच्या हवेसाठी खरा आहे, तिथे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. दर अंशामागे तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला काळ्या टाकीच्या झाकणाखालची हवा ४५ अंशांवर सहज जाते आणि वेग ३५८ च्या आसपास पोहोचतो. तेव्हा १०० सेंटिमीटर अंतर यंत्राला ९६ पेक्षाही किंचित कमी दिसतं. म्हणजे पाणी चार सेंटिमीटरने जास्त दाखवलं जातं. हजार लिटरच्या टाकीत ते तीस-चाळीस लिटर होतात, आणि दुपारी दिसलेलं पाणी रात्री कुणी न वापरता ‘कमी’ होतं. यंत्र गळती दाखवतं आणि गळती कुठेच नसते. डीएस१८बी२० यासाठीच यादीत आहे. त्याचं तापमान घेऊन वेग दरवेळी काढा.

डीएस१८बी२० चेही दोन खोडे आहेत. पूर्ण अचूकतेने मोजायला तो ७५० मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबवून ठेवायचा नाही. आणि वीज आल्यावर मोजणी न करताच वाचलं तर तो ८५ अंश सांगतो. तो आकडा म्हणजे त्याच्या मेमरीतली सुरुवातीची नोंद. यंत्र सुरू झाल्या झाल्या ८५ दिसलं तर ते टाकून द्या.

अल्ट्रासॉनिक सेन्सरला अगदी जवळचं दिसत नाही. जेएसएन-एसआर०४टी साठी हे अंतर २० ते २५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. टाकी काठोकाठ भरल्यावरही पाणी त्याच्यापासून तेवढं दूर राहील अशा उंचीवर तो बसवा. टाकीची भिंत आणि नळाची पडणारी धार यांपासून लांब ठेवा, दोन्हींवरून खोटे प्रतिध्वनी येतात. एका मोजणीवर विश्वास ठेवू नका. लागोपाठ पाच घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधली उचला. सरासरीत एखादा वेडा आकडा सगळं बिघडवतो, मधल्या आकड्याला तो हलवू शकत नाही.

पाण्यात तारा सोडून पातळी ओळखण्याचा मार्ग स्वस्त आहे, पण तारांना सतत डीसी दिला तर विद्युत्-विघटनाने त्या झिजतात. तसं करायचंच असेल तर मोजण्यापुरताच क्षणभर पल्स द्या आणि दिशा आलटूनपालटून बदला.

७. वीस मीटरची वायर

आय-टू-सी ही एकाच बोर्डावरच्या चिप्सनी आपसात बोलण्याची सोय आहे, छतावरून घरात यायला ती वापरू नका. आरएस-४८५ घ्या. दोन तारांमधला फरक वाचत असल्याने बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच येतो आणि वजा होतो. कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जाता येतं. लॅनची वायर वापरा आणि ए-बी या दोन्ही तारा एकाच पिळाच्या जोडीतल्या घ्या. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, आणि दोन्हीकडचा ग्राउंड जोडलेला हवा. काहीच येत नसेल तर ए आणि बी अदलाबदल करून बघा, उत्पादकांमध्ये या नावांवर एकमत नाही.

निरोप पाठवताना शेवटी सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला का ते पडताळण्याचा आकडा, जोडा. मला विचाराल तर स्वतःचा प्रोटोकॉल (संवादाचे नियम) रचण्यापेक्षा मॉडबस आरटीयू हा तयार प्रोटोकॉल शिका. १९७९ पासून चालत आलेला आहे आणि चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींतल्या पॅनेलमध्ये आजही तो भेटतो. एनर्जी मीटर, ड्राइव्ह, तापमान नियंत्रक, सगळे तो बोलतात. त्यातला नेहमीचा घोळ: मॅन्युअलमध्ये रजिस्टर ४०००१ लिहिलेलं असतं आणि तारेवर मात्र शून्य पाठवायचं असतं.

छतावर वीज पडण्याचा धोका असतो. दोन्ही तारांवर टीव्हीएस डायोड बसवा. थेट पडलेल्या विजेपासून ते वाचवणार नाहीत, पण आसपास कडाडल्यावर वायरीत उसळणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवतील.

८. वेळ, इंटरप्ट आणि वॉचडॉग

‘डिले’ टाकून प्रोग्रॅम लिहिण्याची सवय इथे मोडा. दर मिलिसेकंदाला एक आकडा वाढवणारा टायमर ठेवा आणि प्रत्येक कामाने स्वतःला विचारावं: माझी वेळ झाली का? इंटरप्टमध्ये फक्त नोंद घ्या, काम मुख्य लूपमध्ये करा.

हा ३२ बिटांचा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ ही जुनी वेळ अधिक अवधी याहून मोठी आहे का’ असं लिहिलंत तर त्या दिवशी यंत्र बिघडतं. ‘आत्ता वजा तेव्हा’ हे अनसाइन्डमध्ये काढून ते अवधीशी ताडलंत तर काहीच होत नाही. तपासायला पन्नास दिवस थांबू नका. सुरुवातच ४,२९,४९,०७,२९६ या आकड्यापासून करा, एका मिनिटात शून्य ओलांडलं जाईल.

वॉचडॉग म्हणजे ठरावीक वेळात ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही तर चिप रीसेट करणारा टायमर. वॉचडॉगला टायमरच्या इंटरप्टमधूनच कळवत राहणं हा फार सर्रास दिसणारा प्रकार आहे. मुख्य लूप अडकलं तरी इंटरप्ट चालूच राहतो, आणि वॉचडॉगला काही कळत नाही. मोजणी, संवाद, डिस्प्ले या प्रत्येक कामाने आपापला फ्लॅग लावावा, आणि सगळे लागले असतील तरच एका जागेवरून वॉचडॉगला कळवावं. यंत्र उठल्यावर मागचा रीसेट कशामुळे झाला हेही रजिस्टरमधून वाचून नोंदवा. वीज गेली होती की वॉचडॉगने उठवलं, हे महिन्याभराने फार मोलाचं ठरतं.

आरटीओएसकडे, म्हणजे अनेक कामं प्राधान्यानुसार आलटूनपालटून चालवणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, लगेच धावू नका. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता. कमी प्राधान्याच्या कामाने अडवून ठेवलेल्या साधनामुळे जास्त प्राधान्याचं काम ताटकळत होतं. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून तो दोष दूर केला गेला. फ्रीआरटीओएस ही त्यातली मोफत सिस्टिम जरूर शिका, पण या दोषाचं नाव असलेलं प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणजे काय हे कागदावर आकृती काढून समजल्यावर.

९. दोष शोधण्याचा क्रम

पुरवठा, ग्राउंड, रीसेट, क्लॉक, मग सिग्नल, आणि सगळ्यात शेवटी कोड. हा क्रम मोडू नका. सिरियलवर काहीच येत नसेल तर टीएक्स (पाठवणारी पिन) समोरच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) गेला आहे का आणि ग्राउंड एक आहे का ते बघा. कचरा अक्षरं येत असतील तर बॉड रेट (पाठवण्याचा वेग) किंवा क्लॉक चुकलं आहे. आय-टू-सी वर चिप उत्तर देत नसेल तर तारा उंच पातळीवर धरून ठेवणारे पुल-अप रेझिस्टर तपासा आणि पत्ता ७ बिटांचा आहे की एक घर डावीकडे सरकवलेला, ते पाहा. काही डेटाशीटमध्ये सरकवलेलाच पत्ता छापलेला असतो.

एखादं काम किती वेळ घेतं ते कळत नसेल तर सुरू होताना एक पिन उंच करा, संपताना खाली आणा आणि लॉजिक अॅनलायझर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते वहीत लिहा. कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहील.

१०. पंप जोडायचा असेल तर

पंपाची २३० व्होल्टची बाजू परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इथे मला तडजोड मान्य नाही. तुमचं काम रिलेच्या कॉइलपर्यंत.

साखरेच्या खड्यासारखा दिसणारा ५ व्होल्टचा रिले सुमारे ७० मिलिअँपिअर घेतो, तो पिनेवरून थेट चालत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप घ्या. ट्रान्झिस्टर वापरलात तर कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड हवाच. ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलोओहमने ग्राउंडला बांधा. रीसेटच्या क्षणी पिन अधांतरी असते, तेव्हा पंपाला उचकी लागता कामा नये. तयार रिले मॉड्यूल बरेचदा पिन खाली गेल्यावर चालू होतात, हेही आधी तपासा.

१ अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. त्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटर थेट जोडली तर संपर्क चिकटून बसू शकतात आणि पंप बंदच होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा रिले) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर. कॉन्टॅक्टर सुटताना चिप रीसेट होत असेल तर त्याच्या कॉइलवर उसळणारं व्होल्टेज शोषणारा स्नबर बसवून घ्या. वीज परत आल्यावर पंप आपोआप सुरू करू नका. आधी खात्रीची मोजणी, आणि पंप जास्तीत जास्त किती मिनिटं चालेल याची मर्यादा कोडमध्ये पक्की.

११. ब्रेडबोर्डवरून पीसीबी

पीसीबी म्हणजे भाग सोल्डर करायचा छापील बोर्ड. त्याचा आराखडा काढायला किकॅड हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. बोर्ड बनवायला पाठवण्याआधी आराखडा कागदावर खऱ्या मापात छापा आणि त्यावर खरे भाग ठेवून बघा. बीसी५४७ ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर येतात. त्याच आकाराच्या पीएन२२२२ए मध्ये क्रम बरोबर उलटा आहे. असे फरक कागदावर सापडले तर फुकटात सुटतात. टेस्ट पॉइंट, स्क्रूची भोकं आणि डिबगरच्या कनेक्टरची जागा आधीच ठेवा. खालचा थर शक्यतो अखंड ग्राउंड असू द्या.

१२. छतावर

आयपी६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा, डबा घ्या. वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत आणा आणि डब्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा पातळ लेप, मारा, कनेक्टर झाकून. उघडं भोक ठेवू नका, पाली आणि मुंग्या आत जाऊन शॉर्ट करतात.

मग दर मोजणी, तापमान आणि रीसेटचं कारण वेळेसह नोंदवत राहा. दर रविवारी मोजपट्टीने खरी पातळी मोजून शेजारी लिहा. फरक तापमानाबरोबर हलतो की पाण्याच्या उंचीबरोबर, हे त्या दोन रकान्यांत दिसतं. मुलाखतीला जाताना ती वही आणि बिघाडांची यादी बरोबर न्या.

क्लास लावावा का, असं बरेच जण विचारतात. पुण्यात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्स डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. शिस्त आणि नोकरीची वाट त्यातून मिळते. पण टाकीचं यंत्र करून गेलात तर तिथल्या प्रत्येक तासाचा दुप्पट उपयोग होईल.

हे यंत्र एक पावसाळा टिकलं की दुसरं काम कॅन बसचं घ्या. बॉशने १९८६ मध्ये मांडलेला हा संवाद आज जवळजवळ प्रत्येक मोटारीत आहे, आणि पुण्याच्या वाहन उद्योगात तो रोज लागतो. दोन बोर्ड, दोन ट्रान्सीव्हर, पिळाची जोडी आणि दोन्ही टोकांना १२० ओहम. पुरवठा बंद ठेवून दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा. ६० ओहम दिसले तर दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत. १२० दिसले तर एक सुटला आहे, तो आधी शोधा.